चारातले तीन प्लग

सोमवार, ४ मार्च
गाडी पुन्हा आचके देतेय. सिग्नलला उभी असली की उचकी लागल्यासारखी. बायको म्हणाली, गॅरेजवाल्याला फोन कर. मी म्हटलं, इंजिन मिसफायर होतंय, स्पार्क प्लग गेलेत, एवढ्याशासाठी गॅरेज कशाला? बोलताना आवाज आपोआप खर्जात गेला. तिने विचारलं, तुला हे कधीपासून कळायला लागलं? कालपासून. अकरा मिनिटांचा व्हिडिओ आहे. नऊ पाहिली.
सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रविवारी त्यांना हॉस्पिटलमधून घरी आणायचं. म्हणजे अख्खा आठवडा हातात. काम अर्ध्या तासाचं. उद्याच उरकतो.

मंगळवार, ५ मार्च
चार नवे प्लग आणले. म्हणजे निम्मं काम झालंच. दमलेल्या माणसाने इंजिनाला हात लावू नये.

बुधवार, ६ मार्च, संध्याकाळी सव्वासहा
ऑफिसातून आल्या आल्या बॉनेट उघडलं. ‘इंजिन थंड होऊ द्या’ हे वाक्य उरलेल्या दोन मिनिटांत होतं. उजव्या हाताची दोन बोटं बर्फात. हे डाव्या हाताने लिहितोय.

शुक्रवार, ८ मार्च
कालचा दिवस बोटांच्या विश्रांतीत गेला. आज रस्त्यात गॅरेजवाला भेटला. त्याला सांगून टाकलं, आता आम्ही घरच्या घरीच बघतो. तो ‘वा वा’ म्हणाला आणि मला आपलं कार्ड दिलं. मत्सर, दुसरं काय.

शनिवार, ९ मार्च, सकाळी नऊ
इंजिन थंड. पहिला प्लग निघाला! काळाकुट्ट. बायकोला दाखवायला आत नेला. टेबलक्लॉथवर ठेवू नकोस, एवढंच म्हणाली. नवा प्लग हातातून निसटून फरशीवर आपटला. फुंकर मारून बसवला. लोखंडच ते.

दुपारी एक
तीन झाले. चौथा ढिम्म. पान्याला लोंबकळलो; गाडी हलली, प्लग नाही. विचारांती निर्णय: जो इतका घट्ट बसलाय तो चांगलाच असणार. राहू दे. चारातले तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के. शाळेत मला इतके कधी पडले नव्हते.
गाडी सुरू केली. आधीपेक्षा जास्त थरथरते. नव्या प्लगांचा जोम असावा.

रविवार, १० मार्च
सासूबाई मागच्या सीटवर, पाय लांब करून. गाडीच्या प्रत्येक आचक्याला मागून ‘आई गं’. चौथ्या वेळेला मला आरशात बघवेना. चढावर गाडी बंदच पडली. बायकोने टॅक्सी थांबवली.
टॅक्सीत बसण्याआधी सासूबाई म्हणाल्या, एकदा चालू करा बघू. केली. डोळे मिटून, मान तिरकी करून त्यांनी ऐकलं.
‘दोन सिलिंडर मारत नाहीयेत. एक आधीपासूनचं दिसतंय. दुसरं तुमचं. प्लग पाडलात का हो?’
मी आकाशाकडे बघितलं.
सासरे टॅक्सी चालवायचे, हे मला ठाऊक होतं. ती टॅक्सी दुरुस्त कोण करायचं, हे पंधरा वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. मागून हॉर्न खात, रस्त्याच्या कडेकडेने गाडी एकट्याने घरी आणली. ‘आई गं’ कानातून जात नाही.

सोमवार, ११ मार्च
रजा टाकली. गाडीशेजारी खुर्चीत सासूबाई, पाय स्टुलावर. पाना बायकोच्या हातात. टॉर्च माझ्याकडे. जबाबदारीचं काम. उजेड प्लगवर पाडायचा, माणसाच्या डोळ्यांत नाही, हे दोनदाच सांगावं लागलं.
हट्टी प्लगवर तेल सोडून सासूबाईंनी आम्हाला थांबायला लावलं. मग, थोडा सैल कर, थोडा आवळ, पुन्हा सैल. निघाला. टोक पार झिजलेलं. मी पाडलेल्या प्लगच्या टोकाची फट आपटून बंद झाली होती. सासूबाईंनी चष्मा वर करून ती पुन्हा नीट केली. दोन्ही बसले. वीस मिनिटं.
मग मला म्हणाल्या, बसा, तुम्हीच सुरू करा. भरून आलं. किल्ली फिरवली. एकदा गुरगुरली; मग ना आचका, ना थरथर, ना आवाज. म्हटलं, बघा, यांनाही जमलं नाही! पुन्हा फिरवली. करकर असा भयंकर आवाज.
‘जावईबापू,’ सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘चालूच आहे ती.’