आभार मानणारा जावई

असुन्सियोन, शनिवार

प्रिय आर्ले,

लिझच्या हाती चिपा, घरचे चीजचे पाव, पाठवतोय. पिशवीच्या तळाशी हे पत्र आहे. संघाच्या सराव शिबिरात तुमचे फोन काढून घेतात म्हणे, ते बरंच आहे. हे मला फोनवर बोलता आलं नसतं. पाकिटाच्या कडा मी नीट चिकटवल्या आहेत. पुढे वाचण्याआधी त्या तपासून घे, मधे कुणी उघडलं असेल तर कळेल.

हसू नकोस. एकतीस वर्षं बसमध्ये चढून लोकांची तिकिटं तपासली की माणूस असाच होतो. झोपेचं सोंग घेणारा मला तीन बाकांवरून ओळखू येतो. तू पहिल्यांदा आमच्या अंगणात आलास तेव्हा तुलाही मी तसाच न्याहाळला. कोलंबियाच्या किनाऱ्यावरचा पोरगा, इथल्या क्लबासाठी गोल मारणारा, आणि माझ्या मुलीशेजारी, लिझशेजारी, खुर्ची ओढून बसलेला. मनात म्हटलं, याला मुलगी हवी आहे की इथले कागद?

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मी गार तेरेरे चहाने शिंगाचा पेला भरून तुझ्या हाती दिला. तू प्यायलास आणि पेला परत देताना अदबीने आभार मानलेस. आमच्याकडे असे आभार मानले की 'पुरे, आता मला नको' असं असतं, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मग मी पेला भरत राहिलो, तो सगळ्यांकडे फिरत राहिला, आणि तुला वगळून पुढे जात राहिला. तुझी सासू दोमिंगा म्हणाली, "अहो, पोराला द्या की. ओठ सुकलेत त्याचे." मी म्हटलं, "नको म्हणालाय तो. आपल्या पेल्याची किळस येत असेल साहेबांना." तू संध्याकाळपर्यंत कोरडा बसून राहिलास आणि मी अपमान केला असं समजलास. लिझने खुलासा केला तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, पण मनातली अढी काही गेली नाही.

पुढे लग्न झालं, नागरिकत्व मिळालं, देशाच्या संघाचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा अंगावर आला. पहिल्या सामन्यात राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा कोपऱ्यावरचा दुकानदार क्रिस्पीन आमच्याकडेच टीव्हीपुढे बसला होता. म्हणाला, "एलादियो, तुझा जावई ओठ तर हलवतोय. शब्द येतात का रे त्याला?" खरं सांगू? मीही तुझे ओठच बघत होतो. मग तू डोक्याने तो गोल मारलास, क्रिस्पीन माझ्या गळ्यात पडला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा आपला आहे. दुसऱ्याच मिनिटाला वाटलं, गोल मारायचे तर पैसे मिळतात त्याला.

या मंगळवारी न्यायालयात तुला जे विचारणार आहेत, ते सगळं त्या निनावी चिठ्ठीतलं आहे. लग्न कागदापुरतं आहे, आणि दर गुरुवारी हा दुसऱ्याच घरी असतो. नागरिकत्वाच्या कचेरीत तीन वर्षं धूळ खात पडलेली चिठ्ठी कुणा वार्ताहराला सापडली आणि तुझं नागरिकत्व टांगणीला लागलं. ते गेलं की सदराही गेला. काल लिझ स्वयंपाकघरात रडत होती. म्हणाली, "बाबा, हे घरात येणाऱ्या-जाणाऱ्याचंच काम आहे. गुरुवारचं बाहेरच्याला कसं कळणार? तो क्रिस्पीनच असणार." आठवडाभर ती त्याच्या दुकानाची पायरी चढलेली नाही. काल तो मला विचारत होता, "काय रे, माझं काही चुकलं का?" मी मान खाली घालून साखर घेतली आणि घरी आलो.

तुझे गुरुवार मला माहीत होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी त्यांच्यावर बारीक खुणा करत असे. दोमिंगाला सांगितलं होतं की त्या बसच्या सुट्ट्यांच्या खुणा आहेत. शेवटी एका गुरुवारी टोपी डोळ्यांवर ओढून तुझ्याच बसमध्ये मागच्या बाकावर बसलो. तू सान लोरेन्सोला उतरलास आणि एका बाईच्या घरात शिरलास. मी कुंपणाशी उभा राहून कान दिला. आतून सत्तरीतल्या मास्तरीणबाईंचा आवाज येत होता, "पुन्हा म्हण. नाकातून." आणि तू लहान पोरासारखा ग्वारानी शब्द घोकत होतास. दोमिंगा चिडली की ग्वारानीतच भांडते. तिला त्याच भाषेत उत्तर द्यायचं म्हणून तू शिकत होतास, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र मला घाम फुटला. कारण ती चिठ्ठी मी आदल्याच सोमवारी टपालात टाकली होती.

होय, आर्ले. ती मीच लिहिली. डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. खरं कळल्यावर मी दुसरी चिठ्ठी लिहून पहिली खोटी आहे असं सांगायला हवं होतं. लाज वाटली, आणि वाटलं, कोण वाचतंय असल्या चिठ्ठ्या. मंगळवारी मी न्यायाधीशांपुढे उभा राहून हे सगळं सांगणार आहे, कॅलेंडरही बरोबर नेणार आहे. मास्तरीणबाई येते म्हणाल्या आहेत. क्रिस्पीनकडे आज जातो, लिझला उद्या सांगतो. पण तुला आधी कळावं, आणि तेही माझ्याकडून, म्हणून हे पत्र. माफी मागायची मला सवय नाही, ती इथे मागतो. निकाल काही लागो, पुढच्या रविवारी अंगणात ये. मी पेला भरून तुझ्यापुढे धरीन. पिऊन झाल्यावर आभार मानलेस, तर तुला आमचं घर पुरे झालं असं मी समजेन आणि एक शब्द बोलणार नाही. काही न बोलता पेला परत दिलास, तर मी तो पुन्हा भरीन.

तुझाच,
एलादियो