पाच ओव्या राहिल्या होत्या

नसरापूर, शनिवार,
ता. १६ नोव्हेंबर १९६८

वडीलधाऱ्या रखमाजीरावांस, मुक्काम सारोळे, चिमाजीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? फुलाबाई वहिनींचा खोकला थांबला का? इकडे देवाच्या दयेने आम्ही सर्व खुशाल आहोत, आणि तुमची बहीण माझ्यावर रागावण्याइतकी धडधाकट आहे.

रागाचे कारण कचेरी. वडील गेल्यावर भाताच्या खाचरांना माझे नाव लागावे म्हणून मी भोरला अर्ज केला, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तिथे बाकावर बसून पुकाऱ्याची वाट पाहावी लागते. मी कुठेही जाताना पिशवीत भाकरी आणि वाचायला काहीतरी घेतोच (भाकरी एखादे वेळी राहते). बाकावरची बाकीची माणसे दाराकडे पाहून पाहून तिथेच म्हातारी होतात. मी दोन पाने वाचली की मन निवते, शेजारच्याच्या विडीचा धूरसुद्धा लागत नाही.

पहिल्या तारखेला पोथी नेली. सतरावा अध्याय काढला आणि रंगून गेलो. तेवढ्यात पट्टेवाल्याने खांदा हलवला. "अवो चिमाजीबाबा, तीन डाव वरडलो! कान घरी ठिवून आलाय का?" आता तुम्ही माळकरी माणूस, तुम्हीच सांगा, पोथीचा अध्याय अर्धा टाकून कोणी उठते का? मी पाच बोटे दाखवली, पाच ओव्या राहिल्या होत्या. तो म्हणाला, "सायेब ओव्यांसाठी थांबत न्हाईत," आणि पुढचे नाव पुकारले. घरी तुमची बहीण म्हणाली, "म्या बी जात्यावर ओव्या म्हणते, पर हाक आली की उठते." (हे बोलणे तिने माहेरूनच आणले आहे.)

दुसऱ्या तारखेला म्हणून पंचांग नेले. त्यात अध्याय नाहीत, कुठेही थांबता येते. पण नाव पुकारले तेव्हा नेमके वाचत होतो की सध्या काळाची वेळ चालू आहे आणि तीन वाजता शुभ लागेल. वाचले नसते तर सरळ आत गेलो असतो. वाचल्यावर कसा जाणार? तीनला आत गेलो, तर साहेब त्याच शुभ वेळेवर फिरतीला निघून गेलेले.

तुमची बहीण म्हणते, आता रिकाम्या हाताने जा. ते मात्र होणे नाही. पन्नाशीला आलो, आजवर रिकामा बसलो नाही. नाव लागो न लागो, पिशवीत पुस्तक राहणारच.

आपला,
चिमाजी

ता. क. नाव लागो न लागो, हे मी रागाच्या भरात लिहिले. मंगळवारी, ता. १९ रोजी शेवटची तारीख आहे. या वेळी चुकलो तर अर्ज निकालात निघेल आणि खाचरे वडिलांच्याच नावावर राहतील. तरी तुम्ही भोरला येऊन माझ्याशेजारी बसावे आणि पुकारा होताच मला दंडाला धरून आत न्यावे. येताना स्वतः काही वाचायला आणू नये.

पुन्हा ता. क. पत्र चिकटवण्याआधी एकदा वाचून पाहावे म्हणून पोस्टाच्या पायरीवर बसलो. तेवढ्यात डाक घेऊन एस.टी. गेली. उद्या रविवार. म्हणजे हे तुम्हांला मंगळवारी सकाळीच मिळेल. मिळताच वाचत बसू नका, तसेच निघा.