गरम पाणी सगळं ओढून घेतं

१४ मार्च, मंगळवार

डाव्या पायात रबरी चप्पल जाईना. सकाळी जाते, दुपारी नाही. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तसाच राहिला, मळलेल्या कणकेत पडावा तसा.

काम आटपल्यावर बायकांच्या हौदात अर्धा तास बसले. गरम पाणी सगळं ओढून घेतं. आई हेच म्हणायची. गरम झऱ्यावरच्या या स्नानघरात एकतीस वर्षं मीही येणाऱ्या प्रत्येकीला हेच सांगत आलेय.

१९ मार्च

अजून जाड. आता रोज दोनदा बसते.

ग्युर्गा म्हातारी, रोजची गिऱ्हाईक, हौदातूनच म्हणाली, "झ्द्राव्का, पाय अगदी आईवर गेलाय गं तुझा." म्हटलं, "तिचं नाक मागितलं होतं, पाय मिळाला." हसलो दोघी.

२३ मार्च

प्लोवदिवहून लेकीचा फोन. पायाचं सांगितलं तर म्हणे, "आई, डॉक्टरकडे जा. आणि पाण्यात बसू नकोस." आली मोठी शहाणी! तीन वर्षं झाली, रालित्साने स्नानघराची पायरी चढलेली नाही. आई टॉवेल वाटते, फरशा पुसते – शहरात केस कापणाऱ्या बाईसाहेबांना लाज वाटणारच. तसं तोंडावर बोललेसुद्धा. तिने फोन ठेवला.

२८ मार्च

गेले एकदाची. डॉक्टरीण काराजोवा, माझ्या लेकीच्या वयाची. पायाच्या दुसऱ्या बोटावरची कातडी चिमटीत धरायला गेली. धरता येईना. उजव्या पायाची लगेच उचलली गेली.

"लिंफेडेमा," म्हणाली. रक्ताच्या शिरांखेरीज अंगातलं पाणी परत नेणाऱ्या बारीक वाहिन्या असतात म्हणे. माझ्या त्या जन्मापासूनच कमी असाव्यात. "जाणार नाही, पण सांभाळता येईल. पट्ट्या, घट्ट मोजे, व्यायाम, कातडी जपायची. काम काय करता?"

सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"गरम पाणी आजपासून बंद. त्याने सूज वाढते."

"बाई, कुठून कुठून लोक येतात आमच्या पाण्याला!"

"गुडघे दुखतात त्यांनी यावं. असल्या पायाने नाही."

बसमध्ये पायाकडे बघत आले. रोज दोनदा. स्वतःच्या हाताने.

२९ मार्च

ग्युर्गाने विचारलं, "आज किती वेळ बसू?" काय सांगू तिला? तिचेही पाय जाडच आहेत. माझ्याच सांगण्यावरून बसते ना ती.

४ एप्रिल

नर्सने पट्ट्या बांधायला शिकवलं. बोटांपासून सुरुवात, खाली घट्ट, वर सैल. चार दिवस झाले, मला काही जमत नाही. गुडघ्यापर्यंत आणते तोवर खालची घसरते.

आज धीर करून डॉक्टरणीला आईचं विचारलं. शेवटी तिचा पाय लालबुंद झाला होता, ताप चढला होता. आम्ही दिवसातून तीनदा हौदात बसवायचो. चौथ्या दिवशी गेली.

"पाण्याने नाही गेल्या," ती म्हणाली. "जंतू शिरले असणार. पहिल्याच दिवशी औषध हवं होतं."

म्हणजे ते तीन दिवस. काखेत हात घालून तिला पाण्यात उतरवणारी मीच. ती नको नको म्हणत होती. आणि मी म्हणत होते, बस गं आई, सगळं ओढून घेईल.

६ एप्रिल

लिहवत नाही.

१३ एप्रिल, गुरुवार

रालित्सा ईस्टरला आली. दोघींनी अंडी लाल रंगवली. माझी लोंबणारी पट्टी दिसली तशी म्हणाली, "इकडे कर पाय." जमिनीवर बसली. एकेक बोट गुंडाळलं, घोट्याला आठासारखा वेढा, वर सैल सोडत गुडघ्यापर्यंत. दहा मिनिटांत! नर्सलाही अर्धा तास लागतो.

"कुठे शिकलीस गं?"

"बघितलं होतं फोनवर."

हात गुणाचा आहे पोरीचा. स्वयंपाकघरातल्या एवढ्या उकाड्यातही ती जाड पायघोळ पँट मात्र सोडत नाही. म्हटलं, माझा उन्हाळी झगा देते तुला, तर हसून टाळलं.

१६ एप्रिल, ईस्टर

जेवण झाल्यावर ईस्टरच्या खेळाला बसलो, अंड्यावर अंडं आपटून फोडायच्या. तिचं अंडं टेबलाखाली गेलं. उचलायला वाकले तर तिच्या पँटची कड वर सरकलेली. आत पट्टी. माझ्यासारखीच, नीट बांधलेली.

तिथेच बसून सोडवली. तिने अडवलं नाही. दुसऱ्या बोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. धरता येईना.

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हौदात बसवलं असतंस, आई."

बसवलं असतं. काखेत हात घालून बसवलं असतं.