सैतानासाठी राखलेल्या लाल बाटल्या

२८ मे
तो खेळ आला! पंचवीस वर्षांपूर्वी मी आणि धाकटी बहीण केर्तू एकाच कॉम्प्युटरला चिकटून खेळायचो, तोच. आता नव्याने रंगवून काढलाय. गवत हलतं! माझ्या जादूगारणीच्या गालावरचा तीळसुद्धा दिसतो. गाव मात्र तेच, लोहारही तोच, तसाच खडूस. माहेरी गेल्यासारखं वाटलं.

केर्तूशी पैज लागली. तळघरातल्या सैतानाला जी आधी मारेल, तिला युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाला तळ्याकाठची बाबांची कॉटेज. दुसरीने शहरात बसायचं. एकत्र जमत नाही. केर्तूचा नवरा घोरतो, आणि सौनात, त्या वाफेच्या खोलीत, शिरला की बाहेर येत नाही. असो. केर्तू फोनवर म्हणाली, ताई, तू मोठी, मी मुद्दाम हरू का? म्हटलं, आधी तुझ्या त्या हाडांच्या सैनिकांना चड्ड्या घाल. खेळात तिच्यासाठी सांगाडे लढतात.

२ जून, सकाळी
निश्चय: लाल बाटल्या प्यायच्या नाहीत. प्यायलं की जखमा भरतात, पण त्या सैतानासाठी राखायच्या. केर्तूला जरा खरचटलं की बाटली तोंडाला. पहिल्यापासून उधळी.
नव्या खेळात बाटल्या ठेवायची पेटीही मोठी दिलीय. करणाऱ्यांचं भलं होवो.

२ जून, दुपारी
मेले. उंदीर चावला. बाटल्या होत्या, पण उंदरासाठी कोण उघडतं?

७ जून
कोळ्याच्या जाळ्यात अडकून पुन्हा पुन्हा मेले. सराव झाला. मग पेटी आवरली. लाल बाटल्या वर, जादूच्या निळ्या खाली. काय छान दिसतं! शेजारची हिल्क्का कॉफीला आली, तिला वेलदोड्याचा पाव दिला आणि पेटी दाखवली. म्हणाली, सुरेख गं, पण तू मारलंस कुणाला? खेळातलं कळत नाही तिला.

१३ जून
केर्तू पार खाली पोचली. पिशवीत एक थेंब नाही म्हणे. मला हसूच आलं. मी अजून वरच्याच मजल्यावर, पण तयारी माझी पक्की. कॉटेजला न्यायला नवे बटाटे आणून ठेवले. दुकानात सगळ्यांना सांगितलं, यंदा आम्ही तळ्यावर.

१८ जून, संध्याकाळी
सैतानापर्यंत पोचले! पळत. वाटेत कुणाच्या अंगाला हात लावला नाही. केर्तूला त्याने आज दोनदा आपटलं, म्हणजे कॉटेज माझीच. तो गरजला, मी वीज सोडली. माझं अर्धं रक्त गेलं. पिऊ का? म्हटलं नको, याहून वाईट वेळ येईल, तेव्हा पिऊ.
आली. पण मी बाटली उघडेपर्यंत थांबली नाही.

१९ जून
केर्तूने मारला. खांबाभोवती गरगर पळत राहिली, आणि हाडांच्या पोरांनी काम केलं. फोनवर किंचाळत होती. मग विचारलं, ताई, तुझ्या बाटल्या किती उरल्या गं? म्हटलं, सगळ्या. तिने नवऱ्याला हाक मारली आणि मला म्हणाली, पुन्हा सांग बाई, ह्यांनाही ऐकू दे.

सणासाठी सगळं शहर तळ्यांवर गेलंय. जिन्यात चिटपाखरू नाही. सूर्य मावळायचं नाव घेत नाही, म्हणून परत गेले सैतानाकडे. मेले. पण एक आहे, एकही बाटली वाया गेली नाही.