फियाटचे पाने कोणाला, किल्ली कोणाला

एका रविवारी सकाळची गोष्ट. माझा मुलगा विश्वजित तेव्हा अजून रांगत होता. माझे पती उदयसिंह आमच्या पांढऱ्या फियाटच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत वाकले होते आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून मटार सोलत होते. हात मटाराला मोकळे, पाय पेडलवर. ते आतून "मार" म्हणाले की ॲक्सिलरेटर दाबायचा, "सोड" म्हणाले की सोडायचा. मांडीवर परात होती आणि इंजिनाच्या थरथरीने दाणे परातीत नाचत होते. त्या दिवशी याहून निराळे काही घडले नाही.

ती सकाळ मला अशी स्वच्छ आठवते, यावरून माझी बुद्धी आणि स्मरण ठिकाणावर आहे असे समजावे. तरीही डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या पुतण्याला, चि. सम्राटला, दाखल्याशिवाय काही पटत नाही.

मी, वर्षाराणी उदयसिंह इंगवले, वय सहासष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार रुईकर कॉलनी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी राहतही नाही. वकिलांनी मला एक मसुदा टाइप करून दिला होता. त्यात माझ्या गाडीला एकच ओळ होती, "एक जुने चारचाकी वाहन". ती ओळ वाचून मी कागद बाजूला ठेवला आणि पेन घेतले. माझ्यामागे ही गाडी भंगारात जाऊ नये, एवढ्यासाठीच खरे तर हे लिहिणे आहे. बाकीची कलमे मसुद्यातही चालली असती.

कलम पहिले. रुईकर कॉलनीतील घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझा मुलगा विश्वजित याला द्यावे. तो मेलबर्नला असतो आणि परत येणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. फक्त त्याने मला तसे सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. घर विकायचे तर त्याने खुशाल विकावे. मात्र वरच्या मजल्यावर आरिफ आणि आफशीन हे माझे भाडेकरू राहतात. त्यांचा फ्लॅट तयार होईपर्यंत त्यांना उठवू नये.

कलम दुसरे. बँकेतील ठेवी विश्वजितच्या. माझ्या आजारपणात लागतील त्या वगळून.

कलम तिसरे. माझा कोल्हापुरी साज सूनबाईंना द्यावा. त्या तो घालणार नाहीत. नुसता डबीत राहिला तरी चालेल, पण मोडून दुसरे काही करू नये. साज मोडला की त्याची पाने वेगवेगळ्या माणसांकडे जातात.

कलम चौथे. माझी इंग्रजी पुस्तके मी जिथे शिकवले त्या शाळेला द्यावीत. नखे स्वच्छ ठेवा, पाठ ताठ ठेवा आणि वाक्य पूर्ण करा, एवढे लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला शिकवले. पैकी नखांचे आता काही खरे नाही. ते का, हे पुढे येईल.

कलम पाचवे, गाडीविषयी. हे लांबेल. वाचणाऱ्याने चहा घेऊन बसावे.

ही गाडी आम्ही घेतली तेव्हाच जुनी होती. उदयसिंह शिरोलीला फाउंड्रीत होते. हाताला लोखंडाची सवय होती, पण गाडीबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत होते. म्हणून मी वाचायची आणि ते करायचे. पन्हाळ्याच्या चढाला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दमायला लागली, की पुढचा रविवार ट्यूनिंगचा ठरलेला. प्लग काढून त्यांच्यावरची काजळी पितळी ब्रशने घासायची, पॉइंटमधली फट पातळ पत्रीने मोजायची, एअर फिल्टर झटकायचा, कार्बोरेटर पेट्रोलने धुवायचा. सगळे परत बसवले की मी सीटवर जायची आणि ते बॉनेटखाली. मार. सोड. मार. धरून ठेव. आवाज एकसारखा लागला की ते खिडकीशी येऊन विचारायचे, "कसं वाटतंय?" मला त्यातले काय कळणार. पण मी जरा विचार केल्यासारखे करून "आता बरं वाटतंय" म्हणायची, आणि त्यांना ते खरे वाटायचे.

माझ्या सासूबाई, कै. धोंडुबाई, खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा करायच्या. पण बाहेरून नाही. बॉनेट उघडायला लावून आत इंजिनाला ओले हळदकुंकू लावायच्या. यंत्राला कशाला, असे मी एकदा विचारले तर म्हणाल्या, "राबतंय न्हवं आपल्यासाठी? मग कपाळ मोकळं ठिवू नगं." इंजिनाचे कपाळ म्हणून त्यांनी जी काळी टोपी धरली होती, ती डिस्ट्रिब्युटरची. तिच्यातून चार वायरी निघून चार प्लगना वीज पोचवतात. त्यांच्यामागे हे काम माझ्याकडे आले. मीही त्याच टोपीला कुंकू लावत आले. पूजा झाली की उदयसिंह हवा भरून आणतो म्हणून गाडी घेऊन जायचे, आणि ते आले की आम्ही सगळे दसरा चौकातली दुसऱ्या दिवशीची तयारी बघायला निघायचो. त्या दिवशीचा त्यांचा रुमाल धुण्यात लालभडक निघायचा. कुंकवाचा डाग जात नाही, तुम्हाला रुमालच सापडतो का, म्हणून मी दरवर्षी बोलायची. ते ऐकून घ्यायचे.

सहा वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतरच्या खंडेनवमीला मी एकटीने बॉनेट उघडले. माझे कपाळ मोकळे झाले होते, गाडीचे मी होऊ दिले नाही. सासूबाई लावायच्या त्याच्या दुप्पट कुंकू लावले. पुढच्या वर्षी त्यावर आणखी.

गाडीचा जोर हळूहळू गेला. मी दर रविवारी पन्हाळ्याला जायची, तबक उद्यानाजवळ एक चहा घ्यायची आणि परत यायची. आधी तिसरा गिअर सुटला, मग दुसराही जड झाला. गाडी धक्के खायला लागली. एका अवकाळी पावसाच्या रविवारी ती चढावर बंदच पडली, आणि मागून आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने "पावणं, बाजूला घ्या की" म्हणत ती ढकलून कडेला लावून दिली. आत बाई आहे हे त्याने नंतर पाहिले.

सम्राट आला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "काकी, ही आता पासिंगला न्हाय, वजनावर जायाची." मी हसण्यावारी नेले. नंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी दवाखान्यात असताना त्याने भंगारवाल्याला आणून गाडी दाखवली. मी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून घरी आले तेव्हा ड्रायव्हरच्या दारावर खडूने वजन लिहिलेले होते. एका डोळ्याने मी ते वाचले आणि पदराने पुसले. हे सम्राटला मी कधी बोलून दाखवले नाही. आज दाखवते आहे.

विश्वजितला मी व्हिडिओ कॉलवर इंजिनाचा आवाज ऐकवला. त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "आई, देऊन टाक गं. तुला कुठं जायचं असतं?" त्याने प्रेमाने विचारले होते. मी नातवाची शाळा कशी चालली आहे ते विचारले.

मग मी गाडी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथला माणूस बॉनेटखाली वाकला आणि आत कुठलीशी कांडी त्याने बोटाने ओढली. इंजिन मोठ्याने गरजले. सोडली, मंद झाले. पुन्हा ओढली, पुन्हा गरजले. सीट रिकामीच होती. मी त्याला विचारले, ॲक्सिलरेटर दाबायला सीटवर कोणी बसावे लागत नाही का. तो मान वर न करता म्हणाला, "कशाला, मावशी? हितनंच हुतंय की."

पुढे तो इंजिनाचे बोअर गेले, सगळे खोलावे लागेल असे बरेच काही सांगत होता. मी ऐकत नव्हते. इतकी वर्षे इतके रविवार, उदयसिंहांना सीटवर कोणी लागत नव्हते. परात घेऊन बस म्हणायचे, ते उगाचच.

मी गाडी तशीच धक्के खात घरी आणली. इंजिन खोलायला देण्याआधी मला निदान ट्यूनिंग तरी करून बघायचे होते. पुढच्या रविवारी त्यांची पान्यांची पेटी काढली, पुस्तक रेडिएटरवर उघडून ठेवले. प्लग कोळशासारखे झाले होते, ते घासले. पॉइंट झिजले होते, ते बदलले. एअर फिल्टरमधून धूळ आणि चिलटे निघाली. शेवटी ती काळी टोपी काढली. वायरी जिथे आत जातात त्या चारही भोकांत कुंकू उतरून थरावर थर वाळलेला होता. हवा दमट झाली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता त्या थरावरून बाहेरच्या बाहेर पळत होती. बोअर वगैरे काही गेले नव्हते. दरवर्षी हवा भरायच्या निमित्ताने कोपऱ्यावर गाडी थांबवून ती टोपी कोण पुसत होते, हे मला माझ्या अंगणात, हातात चिंधी धरून कळले. आईला नाही म्हणाले नाहीत आणि नंतर मलाही नाही म्हणाले नाहीत.

टोपी पुसायला मला बराच वेळ लागला. कुंकू लवकर निघते. मीच थांबत होते.

सगळे परत जोडले. गाडी सुरू झाली, पण आवाज एकसारखा लागेना. ती कांडी कुठली ते मला आता माहीत होते. तरी मी ती ओढली नाही. मी सीटवर जाऊन ॲक्सिलरेटर दाबायची, उतरून बॉनेटशी धावायची, तोवर आवाज खाली आलेला. पुन्हा सीट, पुन्हा बॉनेट. गुडघे दुखायला लागले.

तेवढ्यात आफशीन वाळत घालायची बादली घेऊन खाली आली. माझ्या दोन फेऱ्या तिने पाहिल्या. मग बादली ठेवून, काही न विचारता सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "काकू, कवा मारायचं तेवढं सांगा."

मी तिला सांगू शकले असते की सीटवर कोणी लागत नाही. सांगितले नाही. मी वाकले आणि म्हणाले, "मार."

त्या रविवारनंतर ती येत राहिली. तिचा नवरा आरिफ कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. एकदा तोही उतरला आणि "काकू, सरका, मी बघतो" म्हणून पाना घ्यायला हात पुढे केला. आफशीन सीटवरूनच म्हणाली, "तुला कुकरचं झाकण लागत न्हाय, तू हे काय लावणार? कापडं वाळत घाल जा." तो मुकाट्याने गेला आणि त्याने कपडे उलटे वाळत घातले. त्या दिवशी माझ्या अंगणात बऱ्याच काळाने कोणी मोठ्याने हसले. पुढच्या खेपेला मी आफशीनच्या हातात पाना दिला आणि तिला पॉइंटची फट मोजायला शिकवले. तिचा हात हलका आहे. फट बघताना ती श्वास धरते, उदयसिंह धरायचे तसा.

मागच्या महिन्यात गाडी पासिंग झाली. पन्हाळ्याचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये गेली. मागच्या सीटवर ती दोघे भांडत होती. मी एकटी गेले असते तरी गाडी तशीच गेली असती, हे मला कळते.

त्यांचा फ्लॅट हातकणंगल्याला आहे. तयार होत आला आहे. ती जातील, आणि जावे. मी त्यांना थांबवणारे कोणी नाही आणि हा कागद त्यासाठी नाही.

कलम सहावे. सम्राटला गाडीचा जुना हॉर्न द्यावा. तो पान्यांच्या पेटीखालच्या फडताळात आहे. लहानपणी सम्राट मांडीवर बसून तोच वाजवायचा आणि हात काढायला तयार व्हायचा नाही. माझा राग त्या वयाच्या सम्राटवर नाही. त्याने हा हॉर्न कुठल्याही वजनात घालू नये.

कलम सातवे. गाडी विकू नये, मोडीत देऊ नये, लग्नाच्या वरातीला भाड्याने लावू नये. विश्वजित, तू यावर हक्क सांगणार नाहीस याची मला खात्री आहे. तुला घर दिले आहे. गाडी अशा माणसांना देते आहे ज्यांना कुठेतरी जायचे असते.

कलम आठवे आणि शेवटचे. गाडी आरिफ आणि आफशीन यांना मिळून द्यावी. खंडेनवमीला फूल वाहावेसे वाटले तर बॉनेटवर बाहेरून वाहावे. नाही वाटले तरी माझी हरकत नाही. आफशीन, आता तुला सांगते. कार्बोरेटरच्या डाव्या अंगाला एक कांडी आहे, ती ओढली की सीटवर कोणी लागत नाही. हे आरिफला सांगायचे की नाही ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर सांगितले नसते.

पान्यांची पेटी, पत्र्या आणि पुस्तक आफशीनला द्यावे. किल्ली आरिफला. यात उलट करू नये.

वर्षाराणी उदयसिंह इंगवले
(सही)

वरील सर्व मजकूर वर्षाराणीबाईंनी आम्हाला वाचून दाखवला, पाचवे कलम वाचताना एकदा थांबल्या, पाणी प्यायल्या आणि पुढे वाचले. त्यांनी आमच्या समोर आणि आम्ही त्यांच्या समोर सही केली. यातील काहीही आम्हाला मिळणार नाही.

साक्षीदार १. गणपतराव केरबा मोहिते, शेजारी, रुईकर कॉलनी (सही)
साक्षीदार २. हाफिजा गौस मुल्ला, निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी (सही)

कोल्हापूर
रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५