भिंतीवरचा माझा खिळा

डुलुथ, मंगळवार

प्रिय आर्लीनताई,

मी वेळेवर जेवते, काळजी नको. तुझा गुडघा काय म्हणतो?

हॅरॉल्ड गेल्यावर तिथे तुला ओळखतं कोण, असं तू विचारलंस. इथल्या कॉफीच्या दुकानात नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कप भिंतीवर खिळ्यांना टांगतात. वर्षभर जाऊनही मला कोणी खिळा दिला नाही. काल मी हातोडी नेली, स्वतःच खिळा ठोकला आणि हॅरॉल्डचा कप टांगला.

मालकीण व्हर्ना म्हणाली, "भिंत तुझ्या बापाची आहे का गं?"

"नाही, पण कप माझ्या नवऱ्याचा आहे."

आज दारात पाऊल टाकलं, तर ती आतूनच म्हणाली, "आली बघा खिळेवाली. ओता हिची बिनसाखरेची."

तेव्हा परत ये म्हणून लिहू नकोस. तूच ये, येताना तुझा कप आण. हातोडी माझ्याकडे आहे.

तुझी हट्टी,
मार्लिस