तेल पिणारं इंजिन

४ मार्च
गाडीने आज पुन्हा धूर सोडला. निळसर. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला म्हणाला, "आजोबा, आत काय तळताय?" बायको खिडकीतून तोंड काढून म्हणाली, "तुम्हाला देऊ का?" मला हसू आलं नाही. चार वर्षांची गाडी! रोज सकाळी तेल बघतो, कमी दिसतं, थोडं घालतो. जातं कुठे कळत नाही.

५ मार्च
आजही कमी. घातलं.

७ मार्च
कंपनीच्या वर्कशॉपात गेलो. टायवाल्या साहेबाने बॉनेट न उघडताच सांगितलं — "इंजिन खोलावं लागेल." आकडा कागदावर लिहून माझ्याकडे सरकवला. माझी वर्षाची पेन्शन.
मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, विकून टाका. या वयात कशाला तो व्याप?" व्याप म्हणे. रविवारी हिला बहिणीकडे नेतो, येताना तळ्याकाठी थांबतो. गाडी गेली की आम्ही दोघं घरात, एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

८ मार्च
कंपनीला तक्रार लिहिली. दोन पानं. शाळा सातवीत सुटली, पण राग आला की मला लिहिता येतं. 'तुमचं इंजिन तेल पितं आणि वर तोंड करून धूर सोडतं' — हे हिला फार आवडलं. पत्र पोस्टात टाकलं.

११ मार्च
ही म्हणाली, विकण्याआधी कोपऱ्यावरच्या फिटरला तरी दाखवा. दाखवली. त्याने तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली. मग माझ्याकडे वळला.
"काका, तेल कोण घालतं?"
"मीच. रोज."
"इंजिनाला पोहायला शिकवताय का? खुणेच्या चार बोटं वर आहे."
मी पट्टी उजेडात धरली. मला कोरडीच दिसली. त्याने माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. बोट माखलं.
जास्तीचं तेल काढलं, डबाभर निघालं. एक चक्कर मारली — धूर आधी थोडा, मग बंद. इंजिन ठणठणीत. पैसे घेईना.
घरी येईपर्यंत ही हसत होती. मग हिने एकदम विचारलं, "तुम्हाला सिग्नल दिसतो ना?"
"लाल दिसतो. हिरवा मागचे ओरडले की कळतो."

१२ मार्च
कंपनीला दुसरं पत्र. एकच ओळ — पहिलं फाडून टाकावं.

१४ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्हीकडे मोतीबिंदू. ऑपरेशन होऊन त्या हो म्हणेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मुलाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की गाडी विकलीच समजा. दिवसभर किल्ली खिशात घेऊन फिरलो.

२० मार्च
हिने मला न सांगता शिकाऊ लायसन्स काढलं. आज पहिला धडा. ही चालवायला, शेजारी शिकवणाऱ्या बाई, मी मागे. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी सहा वेळा बंद पडली. इंजिनाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.